रक्ताचे नाते आणि रक्ताचे दुखणे

लग्न जमविताना आपल्या घरांतून काय काय पाहिले जाते याची यादी करू गेल्यास ती बरीच लांबेल. गोत्र पाहतात, प्रवर पाहतात, गण आणि नाडी पाहतात, मुलाची मिळकत आणि मुलीचा वर्ण पाहतात. अलीकडे मुलाचे परदेशचे वास्तव्य हाही एक गुण म्हणून छत्तीस गुणांत मिळविला जातो. एक गोष्ट मात्र उभय पक्ष एकमेकांपासून कटाक्षाने लपवितात, आणि ती म्हणजे घरातले दुखणे. आजोबांस काय झाले होते, काकूंची तीन मुले का जगली नाहीत, हे श्राद्धाच्या दिवशी सर्वांस आठवते; सोयरिकीच्या बैठकीत ते कोणासही आठवत नाही. या मौनाचा विचार करण्याची पाळी आम्हांवर एका घरगुती कारणाने आली. ते कारण पुढे येईलच. त्या निमित्ताने जे वाचन घडले त्यात यहुदी लोकांतील एका वंशपरंपरागत ज्वराची हकीकत आम्हांस इतकी उद्बोधक वाटली, की शेगावात बसून दूरच्या लोकांचे दुखणे कशाला उगाळावे हा आक्षेप पत्करूनही ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या दुखण्याचे नाव ‘कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर’. आठ-दहा वर्षांचे मूल रात्री चांगले जेवून निजते आणि पहाटे फणफणून तापते. पोट फळीसारखे ताठ होते, हात लावू देत नाही. कधी छातीत कळ येते, कधी एखादा गुडघा सुजतो, कधी घोट्याजवळची कातडी लाल होते. शस्त्रवैद्य आंत्रपुच्छ सुजले असे समजून पोट फाडतात, तो आत सडलेले असे काहीच नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो व मूल अंगणात खेळू लागते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. जंतू नाही, विषबाधा नाही. शरीराची संरक्षक सेना शत्रू नसतानाच शस्त्र उपसते आणि आपल्याच घरात दाह माजविते. १९०८ साली अमेरिकेतील दोघा वैद्यांनी अशा एका सोळा वर्षांच्या यहुदी मुलीची हकीकत लिहून ठेवली. १९४५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. शेपर्ड सीगल यांनी अशा रोग्यांचे सविस्तर वर्णन केले, आणि १९५८ साली इस्राएलातील हेलर, सोहार प्रभृती वैद्यांनी त्यास आजचे नाव रूढ केले. मधल्या काळात या रोग्यांस ढोंगी, नाजूक मनाची, शाळा चुकविणारी म्हणून किती बोल खावे लागले असतील याची कल्पनाच केलेली बरी. ताप आपोआप उतरतो म्हणून दुखणे सौम्य, असे मात्र नाही. वर्षानुवर्षे दाह होत राहिला म्हणजे एक प्रकारचे घट्ट द्रव्य मूत्रपिंडांत साचते आणि रोगी ऐन तारुण्यात त्या विकाराने दगावतो. निदान औषध सापडेपर्यंत तरी असेच होत असे.

आता हे दुखणे यहुदी लोकांत किती आढळते? या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि आमच्या मते सारी गंमत येथेच आहे. मोरोक्को, लीबिया, ट्युनिशिया या बाजूंनी आलेल्या यहुदी लोकांत दर पाच-सहा माणसांत एकाच्या ठिकाणी या दोषाचे बीज असते, आणि प्रत्यक्ष रोगी अडीचशेंत एक ते हजारांत एक इतके निघतात. इराकी यहुदी लोकांतही बीज विपुल आहे. याच्या उलट पोलंड-रशियाकडील, ज्यांस अश्कनाझी म्हणतात त्या यहुदी लोकांत, बीज वाहणारे जवळजवळ तितकेच, म्हणजे पाचांत एक. परंतु प्रत्यक्ष रोगी हजारो माणसांत एखादाच. हे कसे? तर दोष एकाच प्रकारचा नसतो. ज्या जनुकात तो असतो तो सोळाव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९७ साली वैज्ञानिकांच्या दोन वेगवेगळ्या संघांनी एकाच सुमारास शोधून काढले. एका संघाने त्या जनुकापासून घडणाऱ्या प्रथिनास ग्रीक भाषेतील अग्निवाचक शब्दावरून ‘पायरिन’ म्हटले, तर दुसऱ्याने लॅटिनमधील ‘आमचा समुद्र’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘मारेनोस्ट्रिन’. बारसे दोनदा झाले तरी बाळ एकच. या जनुकातील काही बिघाड उग्र, तर काही इतके सौम्य की ते असूनही माणूस ऐंशी वर्षे सुखाने जगतो. उत्तर आफ्रिकेकडे उग्र बिघाड अधिक, अश्कनाझींत बहुतेक सौम्य.

येथे एक साधे गणित वाचकांनी ध्यानी घ्यावे, कारण ते पुढे आपल्याच घरी लागू पडणार आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत बिघडली तरी दुसरी बहुधा काम निभावते. असा माणूस नुसता वाहक, त्यास स्वतःला काही होत नाही. परंतु वाहकाची गाठ वाहकाशी पडली तर प्रत्येक अपत्यामागे चारांत एक संभव असा, की दोन्ही प्रती बिघडलेल्या येतील. बीज मुकाट्याने पिढ्यान् पिढ्या चालते आणि मग एके दिवशी अकस्मात उगवते. घरात पूर्वी कोणास नव्हते म्हणून ते घराण्याचे नव्हे, हा आपला नेहमीचा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे.

शिवाय या ज्वरास यहुदी ज्वर म्हणणेही बरोबर नाही. आर्मेनियन, तुर्क, अरब यांच्यातही तो भरपूर आहे, आणि कित्येकदा बिघाड अगदी तोच. धर्म निराळे, देवळे निराळी, परस्परांचे वैर जगजाहीर. पण समुद्रकाठ एक होता आणि कधी काळी पूर्वजही एक होते, याची साक्ष तापाने दिली.

यहुदी म्हटल्यावर आपल्याला कोणी परके आठवण्याचे वास्तविक कारण नाही. कोकणात अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज आपण, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावे पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर अशी, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या पुराणपुरुषांवर मराठी कीर्तनेही रचली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलास गेले. २०१६ साली त्यांच्या वंशसूत्रांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे निघाले, की यहुदी व भारतीय अशा दोन्ही रक्तांचा त्यांच्यात मोठा वाटा आहे. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वाटा मुख्यतः स्त्रियांकडून आला. आणि त्या मिश्रणानंतर ते लोक आपापसातच लग्ने करीत राहिले. म्हणजे समुद्रातून आलेल्या पुरुषांनी कोकणातील मुलींशी संसार थाटले आणि मग दार लावून घेतले. दार लावण्याची ही विद्या त्यांस कोणी शिकविली हे सांगावयास नकोच. त्यांच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे भेद पडून परस्परांत बेटीव्यवहार होत नसे. पुढे इस्राएलात १९६२ साली तेथील धर्मपीठाने, बेने इस्राएलांच्या मुलामुलींची इतर यहुदी लोकांशी लग्ने लावण्यापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी असा दंडक काढला, तेव्हा हीच मराठी माणसे रस्त्यावर उतरली, आणि १९६४ साली तेथील लोकसभेने ती सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव केला. कुळाची चौकशी आपण दुसऱ्याची करतो तेव्हा ती सावधगिरी असते. आपली होऊ लागली की तो अपमान ठरतो.

इतके सदोष बीज इतक्या लोकांत टिकले कसे, हाही एक प्रश्न. जे बीज रोग आणते ते काळाच्या ओघात झडून जावे, ते उलट फोफावले. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी यावर जो प्रकाश टाकला तो महाराष्ट्राच्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल, कारण त्याचा संबंध प्लेगाशी आहे. प्लेगाचा जंतू शरीरात शिरला की प्रथम पायरिनचे तोंड बांधतो, म्हणजे धोक्याची घंटा वाजतच नाही. ज्यांचे पायरिन या बिघाडाने बदललेले आहे त्यांच्या बाबतीत जंतूची ही युक्ती नीट साधत नाही. आणि तसा बिघाड घातलेले उंदीर प्लेगातून अधिक संख्येने वाचले. तात्पर्य, भूमध्य समुद्राकाठी शतकानुशतके ज्या साथी आल्या त्यांतून हे वाहक अधिक तगले असावेत, असे अनुमान निघते. १८९६ साली मुंबईस प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यास रँडसाहेबाचा अंमल झाला, त्याच्या कथा आपल्या घरांतून अजून सांगितल्या जातात. त्या प्लेगावर मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणारा वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा यहुदी होता. त्याच्या नावाची संस्था परळास उभी आहे.

आता औषध. या ज्वरावर १९७२ साली बोस्टनच्या डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी कोल्चिसीन नावाच्या जुन्याच औषधाचा गुण कळविला. संधिवातासारख्या एका विकारावर ते पूर्वापार दिले जात होते. हकिमांच्या पेटीतील सुरंजान त्याच जातीचे. रोज गोळी घेतल्याने बहुतेक रोग्यांचे तापाचे झटके थांबतात वा विरळ होतात, आणि मुख्य म्हणजे मूत्रपिंडे वाचतात. हेच द्रव्य आपल्या कळलावीत आहे! श्रावण-भाद्रपदात कुंपणावर चढणारी, ज्वालेसारख्या पाकळ्यांची, जिला संस्कृतात अग्निशिखा म्हणतात ती वेल बहुतेकांनी पाहिली असेल. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरीत, यावरून तिचे नाव पडले. भांडणे लावणाऱ्यांस आपण ते नाव उसने देतो. तमिळनाडूत तिची शेती होते आणि बियांपासून कोल्चिसीन काढतात. मात्र कोणी उत्साही वाचकाने कुंपणाकडे धाव घेऊ नये. औषधाची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत या द्रव्याचे अंतर फार थोडे आहे, आणि त्या कंदाने जीव गेल्याची उदाहरणे खेड्यापाड्यांत आहेत.

आमच्या विदर्भाचे स्वतःचे असे वंशपरंपरागत दुखणेही आहेच. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा तो विकार, ज्यास सिकलसेल म्हणतात, १९५२ साली हिंदुस्थानात प्रथम निलगिरीकडे नोंदला गेला व थोड्याच वर्षांत नागपुराकडेही आढळला. त्याचीही कथा तीच: तेथे प्लेग, येथे हिवताप. एक प्रत बिघडलेल्यास हिवताप कमी बाधतो, दोन्ही बिघडल्या की जन्मभर वेदना. २०२३ सालापासून सरकारने त्याची देशव्यापी तपासणी आरंभिली असून विवाहेच्छूंनी आपापली कार्डे जुळवून पाहावी असा प्रचार चालतो. आमच्या पांढरपेशा मंडळींची समजूत अशी, की हे आदिवासींचे दुखणे, त्याचा आपल्याशी काय संबंध? अश्कनाझी लोकही मोरोक्कोवाल्यांविषयी असेच म्हणत असतील.

तथापि एकाच गावात अनेकांस एकच दुखणे झाले म्हणजे ते रक्तातलेच, असेही मानू नये. २०२४ च्या अखेरीस आमच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस मुठीमुठीने गळून तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. सोयरिकी मोडण्याची वेळ आली, त्या गावांत पाहुणे पाणी पिईनात. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी साबणास. पुढे रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य फार वाढलेले आढळले, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधादुकानांतील गव्हाकडे बोट दाखविले. एका घरातील सासू, सून आणि मूल, ज्यांचे रक्त एक नाही पण ताट एक आहे, त्यांस सारखेच दुखणे झाले तर अन्नपाणी पाहावे. सख्ख्या भावंडांस झाले आणि सुनेस झाले नाही तर कुळ पाहावे. ही ढोबळ कसोटी पूर्वीच्या शहाण्या वैद्यांस ठाऊक होती.

आमच्या कुळाकडे पाहण्याची वेळ आता आली आहे. आमच्या धाकट्या भावाची मुलगी आमच्या बहिणीच्या मुलास द्यावी असे घरातील वडील मंडळींच्या मनात आहे. आम्ही वऱ्हाडातले देशस्थ. मामाची मुलगी करण्याची चाल आमच्यात आहे. दक्षिणेकडील हा आचार बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात नोंदला आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंडांचा निषेध करताना रूढीला जागा ठेविली आहे. मुलांचेही परस्परांशी जमते. तेव्हा शास्त्र, कायदा आणि कल तिन्ही अनुकूल. पुतणीने मात्र एक दिवस सरळ विचारले, “काका, आक्काआत्याच्या घरचे काय?”

आक्का म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांची कन्या. तीही अशीच आतेभावास दिली. तिला चार अपत्ये झाली, त्यांतील दोन जन्मतः बहिरी. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आक्काने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, भाजी चिरली, असा निर्णय घरच्या स्त्रियांनी दिला, आणि तो दोन्ही वेळांस लागू केला. आमच्या आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, स्वभावाने दुष्ट नव्हत्या. पण मरेपर्यंत त्यांनी ते बोलून दाखविले. आक्का कधी उलट बोलली नाही. पुढे प्रत्येक ग्रहणास ती देवघरात कोंडून बसत असे, मुले मोठी झाल्यावरसुद्धा.

जन्मजात बहिरेपणाचे एक प्रमुख कारण जो जनुक आहे त्याचा बिघाड यहुदी लोकांत आहे आणि आपल्यातही. अश्कनाझींत एक विशिष्ट बिघाड पंचवीस-तीस माणसांत एकाजवळ असतो. हिंदुस्थानात त्याच जनुकाचा निराळाच एक बिघाड सर्वांत अधिक आढळतो. नियम तोच, दोन्ही प्रती बिघडल्या तरच मूल बहिरे. बीज बहुधा आमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडचे, तेथून चुलत्यांकडे व आत्याबाईंकडे उतरलेले. आमच्या वडिलांकडे ते आले असण्याचा संभव निम्मा. वडिलांजवळ असेल तर प्रत्येक नातवंडाकडे येण्याचा संभव चारांत एक. दोघांकडेही येण्याचा सोळांत एक. सर्व गुणून पाहता या जोडप्याच्या अपत्यास धोका एकशे अठ्ठावीसांत एक, इतका निघतो. आत्येभाऊ-मामेबहीण यांच्या विवाहात इतर अज्ञात दोषांची भर वेगळी: कोणत्याही जोडप्यास शंभरांत दोन-तीन अपत्यांना गंभीर जन्मदोष संभवतो, तो अशा विवाहांत सुमारे दुप्पट होतो. शंभरांतील चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुले धडधाकट निघतात म्हणूनच ही चाल टिकली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ‘झाले ना आमचे सगळे ठीक’ असे म्हणणाऱ्या आजीबाई खोटे बोलत नाहीत. त्या केवळ मोजत नाहीत.

या संदर्भात न्यूयॉर्कच्या एका यहुदी धर्मगुरूंचे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. रब्बी योसेफ एकश्टाइन यांची चार अपत्ये टे-सॅक्स नावाच्या असाध्य आनुवंशिक रोगाने गेली. हे गृहस्थ अत्यंत सनातनी. त्यांच्या समाजात लग्ने मध्यस्थांमार्फत जमतात आणि घरात दोष आहे असे कळले तर भावंडांचीही लग्ने अडतात, अगदी आपल्यासारखे. त्यांनी १९८३ साली ‘दोर येशोरीम’ ही संस्था काढली. मुलामुलींचे रक्त लग्नाच्या वयापूर्वीच तपासायचे, त्यांस नाव नव्हे तर एक क्रमांक द्यायचा. स्थळ निघाले म्हणजे दोन्ही क्रमांक कळवावयाचे. उत्तर इतकेच येते, की जुळते किंवा जुळत नाही. कोण वाहक हे कोणासच सांगत नाहीत, म्हणून कुळास बट्टा नाही. त्या समाजात तो रोग यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. प्रस्तुत ज्वरासाठी मात्र अशी खटपट कोणी करीत नाही, कारण त्यावर गोळी आहे. ज्याला उपाय आहे त्यासाठी जमलेले लग्न मोडू नये, हा विवेकही त्यांच्याकडून घेण्याजोगा आहे. एकनाडी वर्ज्य मानणाऱ्या आमच्या समाजाला ही व्यवस्था वास्तविक परकी वाटू नये.

वैद्यांचा सल्ला असा पडला, की आधी आक्काच्या बहिऱ्या मुलाचे रक्त तपासावे, बिघाड नेमका कोणता ते निश्चित करावे, मग या दोघांत तेवढाच शोधावा. त्यासाठी आक्काच्या घरी जाऊन विचारणे आले, आणि ते काम आमच्या माथी आले. आम्ही चाचरत विषय काढला. मुलाने, तो आता चाळिशीचा असून छापखान्यात कामास आहे, आमच्या ओठांकडे पाहत सर्व ऐकले, पाटीवर दोन प्रश्न लिहिले आणि होकार दिला. तपासणीचा कागद तीन आठवड्यांनी आला. त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच एक बिघाड होता, म्हणजे एक आक्काकडून, एक यजमानांकडून. ग्रहणाचा त्यात कोठे उल्लेख असणे शक्यच नव्हते. आक्काने तो कागद आमच्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतला. “म्हणजे ह्यांच्याकडूनही?” एवढेच तिने विचारले. आम्ही होय म्हटले. मग ती चहा टाकण्यास आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुतणीचे व भाच्याचे रक्त गेल्या आठवड्यात पाठविले आहे. वडील मंडळींनी मुहूर्ताची बोलणी तुळशीच्या लग्नापर्यंत तहकूब ठेविली असून, वहिनींनी पत्रिकेच्या पाकिटातच या कागदांसाठी जागा केली आहे.